तळ्यात की मळ्यात

नमस्कार मंडळी. आज जरा वेगळाच विषय घेऊन बसलीय, टॅरोचे पत्ते. लगेच रेडिओचा कान पिळू नका, मी काय कुणाचं भविष्य सांगणार नाही, मला माझंच उद्याचं माहीत नसतंय. आणि एक आधीच सांगते, आम्हा कोल्हापूरच्या बायकांना "मी जातो, मी करतो" म्हणायची सवय, माइकसमोर "करते" म्हणताना जीभ सारखी अडखळतीय, तेवढं सांभाळून घ्या.

तर झालं असं. माझा भाचा, सत्तावीस वर्षांचा, इंजिनिअर. माझ्या भावाचं शिरोलीला बारकं मशीन शॉप आहे, फौंड्रीतनं कास्टिंग येतंय, ते घासून भोकं पाडून परत द्यायचं, जॉबवर्क. पोराला पुण्यातनं ऑफर आली. झालं, तवापासनं दीड महिना हे पोरगं रोज पहाटे एकटंच रंकाळ्यावर जाऊन बसतंय, संध्यामठाच्या बाजूला, आणि घरी कुणी विचारलं की एकच उत्तर, "विचार चालू आहे." भावाचं डोकं फिरायची वेळ आली. एका रविवारी माझ्याकडं आला, नाष्टा केला आणि म्हणाला, "आत्या, ते तुझे पत्ते काढ की."

मी टॅरो छंद म्हणून करते, पैसे घेत नाही. कॅट त्याच्याच हातात दिला, त्यानं पिसला, दोन पत्ते ओढले. पहिला निघाला हर्मिट, म्हणजे एकटा राहणारा म्हातारा साधू. दुसरा टू ऑफ सोर्ड्स, दोन तलवारी. मला हसूच आलं. एक पत्ता एकांताचा, दुसरा तळ्यात-मळ्यातचा, आणि समोर पोरगं बसलेलं तळ्यावरनं उठून आलेलं.

आता ज्यांनी हे पत्ते बघितलेच नाहीत त्यांच्यासाठी दोन मिनिटं. टॅरोच्या कॅटात ७८ पत्ते असतात. २२ मोठे, त्यात हर्मिट नवव्या नंबरचा, आणि ५६ छोटे, ते आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांचे, तलवारी म्हणजे इस्पिकचे भाऊबंद समजा. हे सगळं मुळात भविष्याचं नव्हतंच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत लोक या पत्त्यांनी चक्क खेळायचे, डाव मांडायचे, हात करायचे. भविष्य बघायचं खूळ अठराव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झालं. म्हणजे तीनेकशे वर्षं हा नुसता खेळ होता. आपल्या घाटाखाली सावंतवाडीला गंजिफा बनतात, गोल, हातानं रंगवलेल्या, दशावताराच्या १२० पत्त्यांच्या, त्या बघितल्यात का कुणी? त्यातला मत्स्य हातात आला म्हणून पूर येणार असं कुणी म्हणत नाही. (म्हणायला लागलं तर आपल्या पंचगंगाकाठच्या लोकांचं अवघड होईल.)

माझ्याकडचा कॅट आहे तो १९०९ साली लंडनमध्ये निघाला त्या चित्रांचा. कल्पना आर्थर वेट नावाच्या गृहस्थांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. काम डोंगराएवढं आणि पैसे अगदी थोडे, असं त्या बाईंनीच तेव्हा पत्रात लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं नाव मात्र वेट साहेबांचं आणि छापणाऱ्या कंपनीचं चाललं, बाईंची आठवण लोकांना आत्ता-आत्ता व्हायला लागलीय. तुम्हाला हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटेल, मलाबी वाटलं, असो.

चित्रं नीट बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळंल. हर्मिट बर्फाच्या शिखरावर उभा, अंगावर करडी कफनी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कंदील, आणि कंदिलात वातीच्या जागी सहा कोनांची चांदणी. बघतोय खाली, पायाकडं. लोक म्हणतात हा जगाला कंटाळून गेलेला माणूस. मला नाही पटत. जगाला कंटाळलेला माणूस कंदील असा उंच धरून कशाला उभा राहील? स्वतः वेटनंच लिहिलंय की त्या उजेडाचा अर्थ, मी जिथं आहे तिथं तूही येऊ शकतोस असा आहे. आपले तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे, पण तिथनं खाली गावात कीर्तनाला यायचेच की. आणि अजून एक गंमत, इटलीतल्या जुन्या पत्त्यांमध्ये या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नसायचा, वाळूचं घड्याळ असायचं. तो म्हातारा म्हणजे काळ होता. मागनं कधीतरी त्या घड्याळाचा कंदील झाला. हे मी भाच्याला सांगितलं आणि विचारलं, "ऑफर लेटरवर तारीख काय आहे रे?" तो गप्प. म्हणाला, "पुढच्या शुक्रवारपर्यंत."

आता दुसरा पत्ता. एक बाई दगडी बाकावर बसलीय, डोळ्यावर पांढरी पट्टी, दोन्ही हात छातीवर फुली मारल्यासारखे, आणि दोन्ही हातात लांबच्या लांब तलवारी. मागं पाणी, पाण्यात खडक, वर चंद्राची कोर. आज कुठल्याही टॅरोवाल्याला विचारा, सांगेल निर्णय होईना, अडकलाय. पण वेटच्या पुस्तकात या पत्त्याचा अर्थ दिलाय तोल, धाडस, मैत्री, हत्यारं हातात असूनसुद्धा सलोखा! म्हणजे भांडण नको म्हणून धरलेला समतोल. मला तो जुना अर्थच जास्त खरा वाटतोय, कारण घराघरात निर्णय अडतात ते अक्कल नाही म्हणून नाही, कुणालातरी दुखवायचं नाही म्हणून. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, मग माणूस दोन्ही हातात धरूनच बसतो आणि त्याला वाटतं आपण शांत आहोत.

आणि मला या चित्रात एक गोष्ट लई वर्षांनी दिसली, कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. त्या बाईला डोळ्यावरची पट्टी सोडायची असली तर हात लागणार. हात रिकामे कुठायत? म्हणजे आधी दिसू दे, मग मी तलवार खाली ठेवते, असं तिला म्हणताच येत नाही. न बघताच एक तरी खाली ठेवावी लागणार. तिथंच तर माणूस अडतंय.

दोन पत्ते शेजारी ठेवले की अजून मजा. दोघंही एकटेच. पण म्हातारा उभा, चाललेला, काठी टेकत, आणि त्याच्या कंदिलाचा उजेड किती, तर चार पावलांपुरता, डोंगर उतरून घरापर्यंतचा सगळा रस्ता त्यालाही दिसत नाही. ही बाई बसलेली, मागं आख्खा समुद्र आणि चंद्र, सगळं आहे, आणि बघत नाही. रंकाळ्यावर रोज सकाळी तासभर बसणं हे यातलं कुठलं, हा प्रश्न मी भाच्याला विचारला. एकटं बसलं म्हणजे विचार होतो असं नाही हो, मी स्वतः नोकरी सोडायची का नाही या नादात दोन वर्षं गच्चीवर बसलेली बाई आहे, दोन वर्षात विचार एक झाला नाही, शेजारच्यांच्या टाकीत पाणी कधी येतंय ते मात्र पाठ झालं.

त्याला म्हणलं, "तू अजून काय बघितलं नाहीस ते सांग. पुणं राहू दे, शिरोली राहू दे. न बघितलेलं काय?"

बराच वेळ चहाच्या कपाची कड बोटानं पुसत बसला. मग म्हणाला, "पप्पांची वही."

म्हणलं, "कसली वही?"

"उधारीची. कुणाकडनं किती यायचंय, बँकेचं किती राहिलंय. शॉपमध्ये ड्रॉवरमध्येच असत्या. मी कधी उघडली नाही. उघडली आणि लईच असलं तर मग पुण्याला जाता येणार नाही ना. आणि काहीच नसलं तर..." 

"तर?"

"तर मग इथं थांबायला कारण उरत नाही."

बघा, पोराला दोन्हीचं भ्या. मी पत्ते गोळा केले. "आता कुठली तलवार ठेवू?" असं त्यानं विचारलंच, मी म्हणलं ते पत्त्यात लिहिलेलं नसतंय बाबा, असतं तर मी मशीन शॉपच्या मालकाची बहीण राहिले असते होय.

त्या रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. "वही बघितली. पप्पा शेजारी बसले होते. त्यांनी स्वतःच पानं उलटून दाखवली." एवढंच. वहीत काय निघालं ते त्यानं लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. शुक्रवार परवा आहे.

येते मंडळी. म्हणजे येतो. नमस्कार.