टपाल खात्याने लिहिलेले शेवट

मित्रहो, आज समलिंगी प्रेमाच्या ज्या नव्या, पण जुन्या काळात घडणाऱ्या कादंबऱ्यांबद्दल बोलायचं आहे, त्यांचे शेवट आशेचे आहेत, हे आधीच सांगून टाकतो. यात रहस्यभेद वगैरे काही नाही. प्रणयकथेत जोडी टिकणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊकच असतं. खरी गंमत वेगळीच आहे. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत दोन पुरुषांची गोष्ट गोड संपवायची, तर ती पटवायची कशी?

त्या काळी असा शेवट छापणंच धोक्याचं होतं. १९५२ साली मारिजेन मीकर यांनी व्हिन पॅकर या टोपणनावाने ‘स्प्रिंग फायर’ लिहिली, दोन कॉलेजकन्यांच्या प्रेमाची. संपादकांनी बजावलं की शेवट सुखाचा नको, टपाल खातं पुस्तकं अडवेल. झालं! एकीला वेड लागलं आणि दुसरीला साक्षात्कार झाला की आपलं तिच्यावर प्रेम नव्हतंच. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘वन’ या समलिंगींच्या मासिकाचा ऑक्टोबरचा अंक टपालाने अश्लील म्हणून रोखला. त्यातल्या आक्षेपार्ह ठरलेल्या एका कथेत तरुणी आपल्या मित्राऐवजी एका बाईबरोबर राहायचं ठरवते. बस, एवढंच. जानेवारी १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

आपल्याकडे टपाल खात्याचा धाक नव्हता, तरी तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ नाटकातली, मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा शेवटी जीव देतेच. ती सवय आपल्यालाही आहे.

सुरुवात कॅट सेबास्टियन यांच्या ‘वी कुड बी सो गुड’पासून (२०२३) करा. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरचं न्यूयॉर्क, वर्तमानपत्राची कचेरी. निक हा वार्ताहर, अँडी हा मालकाचा मुलगा. अँडीचं ठरलेलं लग्न मोडतं आणि तो निककडे राहायला येतो. इथे लेखिकेची हुशारी बघा. दोन सडे पुरुष भाडं वाटून घेऊन एकत्र राहतात, यात तेव्हा कुणाला वावगं वाटत नसे. तेच दोघे बारमध्ये एकमेकांबरोबर नाचले असते, तर पोलीस आले असते. त्यामुळे सगळं प्रेम घरात, स्वयंपाकघरात घडतं. ज्यांना ‘काही घडतच नाही’ असं वाटेल, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवून वाचावी.

दुसरी ‘यू शुड बी सो लकी’ (२०२४), काळ १९६०. माझ्या मते दोन्हींत सरस हीच. एडी बेसबॉल खेळतो, पण त्याचा फॉर्म असा हरवला आहे की बॅटला चेंडूच लागेना. खेळ येत नसला तरी बिघडत नाही; दहा वेळांत तीनदा यशस्वी होणारा फलंदाज उत्तम समजतात, एवढं पुरे. एडीचा संघ काल्पनिक आहे, पण न्यूयॉर्कचा खराखुरा मेट्स संघ १९६२ च्या पहिल्याच मोसमात १२० सामने हरला होता, तेव्हा हरण्याची ती चव अस्सल आहे. त्याच्यावर लिहिणाऱ्या मार्कचा जोडीदार वारला आहे. जगाच्या लेखी मार्कचं कुणी गेलेलंच नाही. दोघे फक्त एका घरात राहायचे. सुतक नाही, सांत्वनाला कुणी नाही. पुस्तकात शय्यादृश्यं आहेत, पण वजन या दुःखाचं आहे.

या प्रकारात फसतं ते भाषेत. १९५५ चा नायक आजच्या समुपदेशकासारखा बोलू लागला की पुस्तक खुशाल मिटा. ‘कमिंग आउट’चा अर्थ तेव्हा घरच्यांना सांगणं असा नव्हता, आपल्यासारख्यांच्या जगात पहिलं पाऊल टाकणं, असा होता. दुसरी खोट म्हणजे भीतीच गायब असते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १९५३ च्या आदेशामुळे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतून समलिंगी माणसं काढली जात होती. पात्र सरकारी नोकर असेल आणि त्याला याची धास्ती नसेल, तर लेखकाने अभ्यास केलेला नाही.

पुरुषांपुरतंच थांबायचं नसेल, तर मलिंडा लो यांची ‘लास्ट नाइट अ‍ॅट द टेलिग्राफ क्लब’ (२०२१) घ्या. १९५४ चं सॅन फ्रान्सिस्को, चायनाटाउनमधली सतरा वर्षांची लिली. साम्यवादाच्या संशयामुळे वडिलांच्या नागरिकत्वावरही टांगती तलवार. किशोरवयीनांसाठी लिहिलेली असली तरी तिघांत अवघड हीच, म्हणून ती शेवटी ठेवा.