दोन तासांनी कूस

नमस्कार श्रोतेहो. मी साताऱ्यात घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करणारी नर्स. सकाळी साडेसातला स्कूटी काढते. पहिल्या घरी इन्सुलिन, दुसरीकडे पायाच्या जखमेचं ड्रेसिंग, तिसरीकडे लघवीची नळी बदलायची. करंजे, शाहूपुरी, गोडोली करत दुपारचे दोन वाजतात. एक विनंती आधीच करते. घराचा नंबर रस्त्यावरून दिसेल असा ठळक लिहा. रात्री अ‍ॅम्ब्युलन्स येते तेव्हा गल्लीत घर शोधण्यात मोलाची मिनिटं जातात. मी पाहिलंय ते.

आज मुख्य सांगायचं ते हे: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, खुबा, टाचा इथं हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, रक्त पोचत नाही, आणि आतून जखम धरते. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. पुन्हा सांगते, हवेची गादी असली तरी दोन तासांनी कूस. आणि लाल झालेल्या जागी चोळू नका.

यादोगोपाळ पेठेत एका जुन्या घरात मी जात होते. आजोबा एसटीत कंडक्टर होते. सातारा–महाबळेश्वर, मेढ्यावरून, केळघरचा घाट चढून. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरातले त्यांच्या उशाशी उभे राहून त्यांच्याविषयीच बोलायचे, "आता यांना काही कळत नाही" म्हणून. मला ते ऐकवत नसे. वाचा गेली म्हणजे समज गेली, असं नसतं.

एका सकाळी आजी आणि मी मिळून त्यांना डाव्या कुशीवर वळवत होतो. मी कमरेकडून धरलं होतं, आजींनी त्यांचा लुळा हात मनगटाला धरून ओढला. तेवढ्यात टण् असा आवाज झाला. औषधाचा चमचा त्यांच्या डाव्या हाताशी होता, तो खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजला. मला वाटलं, हातून निसटला असेल. आजींनी पुन्हा ओढलं. पुन्हा टण्. एकच.

आजींनी हात सोडला. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सिस्टर, थांबा. हे सिंगल बेल मारतायत. गाडी थांबवा म्हणतायत."

मी आजोबांकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. खांदा दुखत होता हो त्यांचा! लुळ्या हाताला धरून कधी ओढायचं नसतं. सांध्याला आधार उरलेला नसतो, खांदा निसटतो. लुळा हात ओढू नका, हे लक्षात ठेवाच. मी एक चादर चौपदरी करून त्यांच्या पाठीखालून कमरेपर्यंत सरकवली. लुळा हात छातीवर ठेवला, आणि दोघींनी चादर धरून त्यांना अलगद वळवलं. पाठीशी एक उशी, गुडघ्यांमध्ये एक.

आम्ही वाट बघत उभ्या राहिलो. चमचा हलला. टण् टण्.

आजी तिथंच जमिनीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. दीड महिन्यात त्या माणसानं पहिल्यांदा काही "सांगितलं" होतं. आणि आम्ही दीड महिना त्यांना विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून चमचा खाटेला दोरीनं बांधला. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चालू द्या. जेवण नको असलं तरी एक, खिडकी उघडी हवी का विचारलं की दोन. रात्री दोनची पाळी मुलानं घेतली. सगळी जागरणं सुनेच्या गळ्यात घालणं मला मुळीच पटत नाही, मी प्रत्येक घरी तसं सांगते. पहाटे चारची पाळी आजींची. मी म्हटलं, "आजी, झोपमोड होत असेल." त्या म्हणाल्या, "अगं, यांची पहिली गाडी पहाटे साडेपाचची असायची. चारला उठून डबा करायचे मी. अंगवळणी आहे."

नाकातल्या नळीनं जेवण देण्याबद्दल नीट सांगायचं होतं, पण वेळ थोडा उरलाय. एवढंच सांगते: भरवताना डोक्याकडची बाजू उंच, आणि भरवून झाल्यावर किमान अर्धा तास तशीच उंच. लगेच आडवं केलं तर अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. भरवण्याआधी नळी नाकाशी चिकटपट्टीच्या खुणेवर आहे ना, ते बघायचं. खूण सरकलेली दिसली तर काहीही न देता नर्सला किंवा डॉक्टरांना फोन करायचा.

आणि आज रात्री कूस बदलताना टॉर्च घेऊन दोन्ही टाचा बघा. नमस्कार.