आंब्याने गिळलेली तार

(गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात शेतकऱ्यांपुढे डिसेंबरात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, आधी हा लाकडाचा तुकडा पुढच्या रांगेपासून मागे फिरवा. जपून धरा, आत काटेरी तार आहे. दोन्ही बाजूंना तारेची टोकं दिसतात, मधली वीतभर तार दिसत नाही. ती आंब्याच्या पोटात आहे. आमच्या भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, मेरेवर (हद्दीवर) माझ्या वडिलांनी खांब रोवायचा कंटाळा केला आणि उभ्या झाडालाच तार खिळली. झाड जाड होत गेलं, साल तारेवरून चढली, आणि बऱ्याच वर्षांनी मी नेमकी त्याच जागी मोटरची करवत लावली. साखळी तुटली आणि करवत उसळून खांद्याजवळून गेली. डोक्यावर काही नव्हतं, पायात रबरी चप्पल. शहाणपणाचं भाषण देतोय, पण शहाणपण आलं ते असं.

तेव्हापासून वई, म्हणजे कुंपण, साफ करायला घेतली की पहिला पूर्ण दिवस मी नुसता चालतो. हातात एक काठी आणि रंगाचा डबा. कुठल्या झाडात तार शिरली आहे, कुठे खिळे आहेत, मधमाश्यांचं पोळं कुठे, वारूळ कुठे, सर्व्हेचा दगड कुठे गाडला गेलाय. दगड सापडला की अर्धी लढाई जिंकली समजा. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तुमचं नाव असतं, पण तुमची जमीन कुठे संपते ते हा दगड सांगतो, आणि नेमका तोच घाणेरीच्या जाळीत बसलेला असतो.

आपण घरी वंय म्हणतो, मराठीत लिहिताना वई किंवा कुंपण. लहानपणी ही वस्तू नव्हती, ते दरवर्षीचं काम होतं. सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात घरात आलं आणि वायंगणाची, म्हणजे हिवाळी पिकाची, तयारी सुरू झाली की गावात एकच प्रश्न असायचा: वंय केली मरे? करवंदीच्या काट्या, बांबूचे चिवे, माडाची चुडतं, सगळं आणायचं आणि जुन्या वईतले कुजलेले भाग काढून नवे भरायचे. शेजारी दुसऱ्या बाजूने आलेला असायचा. अर्धी त्याची, अर्धी आमची. भांडणं व्हायची, नाही असं नाही, पण ती वितभर जमिनीवरून आणि समोरासमोर. दरवर्षी हात फिरत असल्यामुळे वईत मनगटापेक्षा जाड काही टिकतच नसे.

मग तार आली. तारेने एक मोठी सोय केली: दरवर्षी वईकडे बघायची गरज संपवली. त्याच सोयीने आजचं रान उभं केलंय. तारेवर बुलबुल बसतो, घाणेरीची फळं खाऊन आलेला असतो, बी खाली टाकतो. म्हणून तारेच्या बरोबर खाली सरळ रेषेत झाडं उगवतात, जणू कुणी दोरी लावून पेरली आहेत. रानमोडीला तर पक्षीही लागत नाही, तिचं बी वाऱ्यावर उडतं. त्यात मालक मुंबईला, पोरं वेर्ण्याच्या कारखान्यांत किंवा परदेशात, आणि भाट पडीक. दहा वर्षांनी येऊन बघावं तर वई दोन मीटर रुंदीची झालेली. ‘कुंपणानेच शेत खाल्लं’ ही म्हण आपण भ्रष्टाचारावर वापरतो, पण शेतकऱ्याने ती जरा टेप घेऊन मोजून बघावी. शंभर मीटर लांबीच्या मेरेवर वई दोन मीटर आत सरकली तर दोनशे चौरस मीटर गेले. गोव्यात दोनशे चौरस मीटरला लोक काय भाव देतात ते मी सांगायला नको.

हे बघून माणूस चिडतो आणि जेसीबी बोलावतो. माझा सगळ्यात मोठा राग या ठिकाणी आहे. जेसीबी एका दुपारी वई साफ करतो, हे खरं. पण तो वरची वीतभर मातीही खरवडून नेतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन मीटर पाऊस पडतो, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त. उतारावर मुळं उपटून टाकलेली ती उघडी पट्टी पहिल्याच आषाढात व्हाळात जाते. शिवाय चिऱ्यांचा जुना गडगा असेल तर तो आणि त्याच्यात वाढलेला पिंपळ आता एकमेकांना धरून उभे असतात. पिंपळ ओढला की गडगा सोबत येतो. अशी झाडं दगडाच्या वर कापायची, मूळ आत राहू द्यायचं आणि फुटवे दरवर्षी खुडायचे. आणखी एक गंमत: तुमच्या भाटात जेसीबी दिसला की संध्याकाळपर्यंत अर्धा गाव धरून चालतो की प्लॉट पाडले.

मी सांगतो ती पद्धत तीन वर्षांची आहे. पहिल्या वर्षी फक्त झुडपं. दुसऱ्या वर्षी जी झाडं जाणार आहेत ती. तिसऱ्या वर्षी रिकाम्या जागी नवी लावायची. एकदम सगळं उघडं केलं तर त्या उजेडात पहिल्यांदा रानमोडीच येते, आणि तुम्ही जिथे होतात तिथेच परत.

रानमोडीचा हंगाम लक्षात ठेवा. ती पौष-माघाच्या सुमारास फुलते आणि मग बी उडवते. म्हणजे ती कापायची फुलायच्या आधी, कार्तिकात. आता डिसेंबर आहे, उशीर झालाय, पण बी पिकायच्या आत अजून थोडे दिवस मिळतील. नुसती कापली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. उपटायची असेल तर पाऊस जाता जाता, माती मऊ असताना. आणि कापताना कोयता तिरका मारू नका. तिरके कापलेले खुंट वाळले की भाल्यासारखे होतात, गाईच्या खुरात आणि माणसाच्या तळव्यात घुसतात. कापलेलं वईतच टाकून ठेवायचं नाही. मार्चमध्ये ते चुलीच्या ढलप्यासारखं पेटतं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणव्याने काय झालं ते इथल्या अनेकांनी अंगणातून पाहिलंय. पाला काजूच्या किंवा माडाच्या आळ्यात घाला, बी धरलेला तेवढा वेगळा काढा.

काय ठेवायचं? निगडी, अडुळसा, करवंद, चांगला धरलेला भेंडा. करवंदीची दाट वई रानडुकराला तारेपेक्षा जास्त त्रास देते, हे माझं मत आहे आणि मी त्यावर वाद घालायला तयार आहे. मुंगूस आणि भारद्वाज वईतच राहतात, तेच तुमचे उंदीर खातात. काय काढायचं? घाणेरी, रानमोडी आणि आकेशिया. हे ऑस्ट्रेलियाकडचं झाड खाणींच्या मातीच्या ढिगांवर आणि रस्त्याकडेला लावलं गेलं, तिथून आपल्या मेरेवर आलं. भराभर वाढतं आणि पावसाळ्यातल्या वाऱ्यात तितक्याच लवकर मोडतं, बहुतेक वेळा विजेच्या तारेवर. तारेजवळची फांदी मात्र वीज खात्याच्या माणसाशिवाय तोडायची नाही. बांबूच्या काठीला कोयता बांधून आकडी करतात आणि म्हणतात लाकूड आहे, काही होत नाही. ओला बांबू वीज वाहून नेतो. हुळगरी ओळखत असाल तर तिला हात लावू नका, ओळखत नसाल तर आधी जाणत्याला दाखवा. तिच्या चिकाने आठ दिवस अंग सुजतं. शेराचा चीक डोळ्यात गेला तर त्याहून वाईट.

आता ज्यासाठी मला खरं तर इथे उभं राहायचं होतं ते. माकडताप. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली हा ताप सापडला, आणि आपल्या सत्तरीत २०१५ साली, पाली भागात. तो गोचिडीतून येतो. गोचिडीची पिल्लं खसखशीएवढी असतात, पाचोळ्यात आणि झुडपांच्या पानांवर बसून वाट बघतात, आणि त्यांचा जोर नोव्हेंबर ते मे. म्हणजे आपण वई साफ करतो, काजू वेचतो, नेमके तेच महिने. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणून वईजवळ माकड मेलेलं दिसलं तर काम बंद, आरोग्य केंद्राला कळवायचं, हात लावायचा नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पॅन्ट मोज्यात खोवलेली, उघड्या अंगाला गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल. दुपारी डबा खायला पाचोळ्यावर बसायचं नाही. घरी आलं की कपडे गरम पाण्यात, अंघोळ साबणाने घासून. आठवडाभरात थंडी वाजून ताप आला, डोकं आणि अंग फुटतंय असं वाटलं, तर डॉक्टरांना ‘रानात काम केलं’ हे वाक्य सांगायचं. साधा ताप म्हणून गोळी घेऊन झोपायचं नाही.

सापाचं थोडक्यात. आपण पायाखाली बघतो, पण हिरवा चापडा फांदीवर, हाताच्या उंचीवर असतो. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते, चापड्याच्या नाही. म्हणून आधी काठीने झुडूप हलवा, मग हात घाला.

कायद्याचं बोलायला मी वकील नाही. पण १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने झाड तोडायला वन खात्याची परवानगी लागते, झाड तुमच्याच जमिनीत असलं तरी. या कायद्याने माडालासुद्धा नाचवलं. २०१६ मध्ये माडाला झाडाच्या व्याख्येतून काढलं, गोवाभर ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी सरकारने तो निर्णय फिरवला. त्याहून मला आवडते ती १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतली जुनी रीत. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी तुमच्याकडे आली तर आधी त्याला सांगायचं. तीन दिवसांत त्याने नाही कापली तर तुम्ही कापा, पण मेरेच्या उभ्या रेषेपर्यंतच, पलीकडे एक पान नाही. भांडण कोर्टात गेलं तर काय लागू होतं ते वकील बघेल. मला त्यातलं ‘आधी सांगायचं’ महत्त्वाचं वाटतं. आज शेजारी पुण्यात असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, उत्तर येईपर्यंत कोयता खाली.

सौर कुंपण घेतलेल्यांसाठी एक गोष्ट. गवताचं पातं किंवा वेल तारेला टेकली की प्रवाह जमिनीत गळतो आणि डुकराला झटका बसतच नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खाली ग्रास कटर फिरवला नाही तर ते कुंपण शोभेचं आहे. आणि घरची वीज थेट तारेत सोडणारा माणूस डुकराला नाही, पहाटे पाणी सोडायला येणाऱ्या शेजाऱ्याला मारतो.

मागून प्रश्न आलाय, रिकाम्या जागी काय लावू? मी गिरिपुष्प लावतो. तेही परदेशीच, पण छाटत राहिलं तर शेंगा धरत नाही आणि पाला खताला मिळतो. मनगटाएवढा जाड, पुरुषभर उंच खुंट घ्या, हिरवा नको, साल करडी झालेला. पहिला पाऊस पडला की हातभर खोल रोवा. बुडाकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. हसू नका, मी गेल्या वर्षी गड्याला हे सांगायला विसरलो, आणि अकरा खुंट उलटे रोवले गेले. आणि तार त्याला खिळू नका. दोरीने बांधा, दर दोन वर्षांनी सैल करा. तो तुकडा कुठपर्यंत पोचला?