रात्री आठचा वर्ग

(दृश्य: संध्याकाळ. ओट्यावर बसलेली बाई, समोर वही घेतलेल्या दोघी स्वयंसेविका.)

"तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?" या प्रश्नाला खरं उत्तर फार कमी वेळा मिळतं. दारात सून उभी असते, शेजारीण कान देऊन असते, आणि सही करता येणारा माणूस स्वतःला साक्षरच म्हणवतो. म्हणून गावात प्रौढांचं शिक्षण केंद्र सुरू करायचं असेल, तर सर्वेक्षणाला जाणाऱ्यांनी हा प्रश्न विचारायचाच नाही. त्यांच्याच घरातलं विजेचं बिल मागून घ्यायचं. "मावशी, यावर नाव कुणाचं आहे? भरायची शेवटची तारीख कोणती?" एवढंच. दोन मिनिटांत समजतं की समोरच्या बाईला अक्षरओळखच नाही, की चौथीपर्यंत शिकून विसरलं आहे, की वाचता येतं पण फॉर्म भरायला दुसरा माणूस लागतो.

हे तीन वेगळे गट आहेत आणि ते वेगळेच बसवायचे. एकत्र बसवले की विसरलेल्यांना पटापट आठवतं, ते मोठ्यानं उत्तरं देतात, आणि ज्यांच्यासाठी केंद्र काढलं त्या बायका तिसऱ्या दिवसापासून घरी थांबतात.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी लिहून घ्यायच्या. दिवसातला कोणता तास मोकळा असतो, आणि वर्षातले कोणते महिने तुम्ही गावात नसता.

(दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका. काही महिन्यांवर लाल रेघा.)

पायाभूत साक्षरतेसाठी साधारण २०० तास धरतात. दीड तासाचा वर्ग, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे साडेसात तास. हिशोबानं २७ आठवडे. पण रोज येणारा माणूस विरळा. पाचातले तीन दिवस येणारी बाई आठवड्याला साडेचार तासच शिकते. तिला तेच २०० तास भरायला ४४ ते ४५ आठवडे लागतात. सहा महिन्यांचा वर्ग म्हणून जाहीर केलेली केंद्रं सातव्या महिन्यात खचतात ती इथेच. शिकणाऱ्यांना वाटतं आपल्याला जमत नाही, शिकवणाऱ्यांना वाटतं आपण कमी पडलो. दोन्ही खरं नसतं, आठवडेच कमी धरलेले असतात. पहिल्या दिवशीच वर्षभराचा वर्ग म्हणून सांगावं.

आणि वर्ष आखायचं ते शेताकडे बघून. कोकणात भातलावणीच्या जुलैत वर्ग ठेवू नये. कापसाच्या पट्ट्यात वेचणीच्या दिवसांत तो अर्ध्या तासावर आणावा. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात; तिथे सगळा भर एप्रिल ते सप्टेंबर. हरिनाम सप्ताह, यात्रा, गणपती हे दिवस आधीच सुट्टीचे म्हणून लिहून टाकावेत. जाहीर केलेल्या सुट्टीनं वर्ग मोडत नाही. न सांगता बंद राहिलेल्या दारानं मोडतो.

(दृश्य: फळ्यावर पाळ्यांचा तक्ता.)

आता शिकवणारे. समजा तिन्हींपैकी दोनच गटांपुरती माणसं जमली. दोन गट, प्रत्येक गटावर दोघे, पाच दिवस. आठवड्याच्या वीस पाळ्या झाल्या. एकाकडे दोनच पाळ्या द्यायच्या, म्हणजे दहा स्वयंसेवक आणि वर दोन राखीव. उत्साही माणूस पाचही दिवस मागतो. देऊ नयेत. तो आजारी पडला, त्याची बदली झाली, त्याच्या मुलीचं लग्न निघालं, की केंद्र थांबतं. एकखांबी तंबू फार दिवस टिकत नाही, मग तो खांब कितीही भला असो. कॉलेजची मुलं असावीत, पण त्यांच्या परीक्षा दिवाळीच्या सुमाराला आणि उन्हाळ्यात असतात. त्या पाळ्यांना निवृत्त शिक्षक, घर सांभाळणाऱ्या बायका, दुकानदार जोडीला हवेत.

गटावर दोघे ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. एक फळ्यावर असताना दुसऱ्यानं पाठीमागून फिरत वह्या बघायच्या. मोठी माणसं चुकलेलं हातानं झाकतात. ते झाकलेलं हलक्या आवाजात दुरुस्त करायला एक माणूस मोकळाच लागतो.

(दृश्य: दोनशे पानी वही, एकच पान जवळून.)

आणि ही वर्गवही. वर्ग संपायच्या आधीची पाच मिनिटं हिच्यासाठी. "मंगळवार. गट पहिला. हजर ७. घ आणि ध मध्ये चौघी अडकल्या. उद्या घर आणि धन फळ्यावर शेजारी शेजारी." पाच छोटी वाक्यं, पण बुधवारी येणाऱ्या स्वयंसेविकेला ती वाचून थेट कामाला लागता येतं. वही नसेल तर प्रत्येक जण आपला वर्ग पहिल्यापासून सुरू करतो आणि शिकणाऱ्यांना एकाच आठवड्यात तीन वेळा तोच धडा येतो. वही केंद्रातच राहते, कुणाच्या घरी जात नाही.

(दृश्य: सुईत दोरा ओवणाऱ्या म्हाताऱ्या बोटांचं जवळचं चित्र.)

पहिल्या आठवड्यात अक्षर शिकवू नका. आधी डोळे तपासा. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. सुईत दोरा ओवता येतो का, तांदळातले खडे दिसतात का, विचारून बघा. ज्यांना नाही दिसत त्यांना जवळच्या नंबरचा चष्मा लागतो. वयाप्रमाणे तो साधारण अधिक एक ते अधिक तीनपर्यंत असतो आणि तयार मिळतो. लांबचंही धूसर दिसत असेल तर मोतीबिंदूची शंका धरून ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं. हा खर्च खडू-पाटीच्या आधीचा आहे. "आता या वयात डोक्यात शिरत नाही" असं म्हणत कितीतरी बायका वर्ग सोडतात, आणि शिरत नसतं ते डोळ्यांत. चष्म्याअभावी एखादीनं स्वतःला मठ्ठ समजावं, यासारखा अन्याय नाही, आणि तो इतक्या स्वस्तात टळतो.

खोली शाळेची असेल तर पोरांचे बाक नकोत. सतरंजी घालावी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या ठेवाव्यात. दिवा फळ्यावर पडावा, बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर नाही. फळ्यावरचं अक्षर किमान दोन इंच उंच. चार्जिंगचा दिवा रोज भरलेला. संडासाची किल्ली वर्गातच टांगलेली. आणि परतीच्या वाटेवरचा खांबावरचा दिवा बंद असेल, तर ग्रामपंचायतीकडे अर्ज आजच. त्या अंधारापायी बायकांचा वर्ग रिकामा झाला तर कुणी तसं बोलून दाखवत नाही.

(दृश्य: फळा. ग, म, न ही अक्षरं. खाली नाग, मान, मामा.)

मराठीत बाराखडीऐवजी ग, म, भ, न पासून सुरुवात करायची रीत जुनी आहे, आणि ती चांगली आहे. रेघा सारख्या, हात लवकर बसतो, काना जोडला की नाग, मान, मामा, भाग असे खरे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. पण प्रौढांच्या वर्गात भ थोडा मागे ठेवावा. म आणि भ यांच्यात डोक्यावरच्या तुटक्या रेघेचा फरक. घ आणि ध यांचंही तसंच. कमी दिसणाऱ्या डोळ्यांना तो फरक लागत नाही. एक अक्षर पक्कं झाल्यावर पंधरा दिवसांनी दुसरं आणलं तर घोळ होत नाही.

पेन्सिल धरताना खुरप्याला सरावलेला हात जोर लावतो आणि टोक मोडतं. जाड पेन्सिल किंवा बॉलपेन द्या. ज्या बायका रांगोळी काढतात, त्यांना ठिपक्यांच्या वहीवर आडव्या-उभ्या रेघा एका दिवसात येतात.

सही लवकर शिकवावी की नाही, यावर स्वयंसेवकांत नेहमी वाद होतो. शिकवावी. आपलं नाव आपल्या हातानं कागदावर उमटणं ही फार मोठी गोष्ट आहे, ती लांबवू नये. मात्र त्याच नावातली अक्षरं त्याच दिवशी दुसऱ्या शब्दात दाखवायची. नाहीतर सही हे एक चित्र होऊन बसतं, आणि सही आली की येणं थांबतं.

दुसरी गळती जोडाक्षरांपाशी. एकटा र किती रूपं घेतो बघा. ग्रामपंचायत, महाराष्ट्र, सूर्य, पायऱ्या. चार शब्द, चार तऱ्हा. आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक पाटीवर यातलं एक तरी असतंच. ही रूपं नियम सांगून येत नाहीत. गावातल्या पाट्यांचे फोटो काढून, मोठे छापून, रोज एक शब्द घ्यायचा. हे दोन-तीन आठवडे नवा धडा नको.

(दृश्य: सतरंजीवर शंभराच्या, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी.)

गणिताचं चित्र उलटं आहे. भाजी विकणारी बाई तोंडी हिशोबात शिकवणाऱ्याला मागे टाकते. पण "एकशे पाच" लिहायला सांगा, ती १००५ लिहिते. "दोनशे चौतीस"चे २००३४ होतात. ती ऐकते तसं लिहिते; शंभर आणि मग पाच. चुकीमागे असा सरळ विचार आहे, तेव्हा ती खोडू नये. नोटा मांडाव्यात. शंभराची एक, दहाची एकही नाही, रुपयाची पाच. दहाच्या रिकाम्या जागी शून्य. नोटा मांडल्यावर हा उलगडा बहुतेकींना होतो, कारण पैशांची शिस्त त्यांच्या हातात आधीपासूनच असते.

आणि वयानं मोठ्या माणसाला अहो-जाहो. कुणीही, कितीही घाईत असो. हे केंद्राच्या नियमांत लेखी असावं.

(दृश्य: समितीची बैठक. फळ्यावर महिन्याचा जमाखर्च.)

संस्थेची नोंदणी पहिल्या दिवशी लागत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळेच्या खोलीची लेखी परवानगी, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. समिती मात्र पहिल्या दिवसापासून हवी. सात ते अकरा जण, त्यांतले निदान एक तृतीयांश शिकणाऱ्यांमधले. सगळे एकाच भावकीतले नकोत, नाहीतर ग्रामपंचायतीची निवडणूक आली की अर्धी वस्ती वर्गाला येत नाही. उमेदवाराचा फोटो असलेला बॅनर केंद्रात लागणार नाही, हाही ठराव शांततेच्या काळातच करून ठेवावा.

समितीत शिकणारे बसले की कामाची पद्धत बदलावी लागते. इतिवृत्त मोठ्यानं वाचायचं, मगच सह्या. जमाखर्च कागदावर फिरवायचा नाही, फळ्यावर लिहायचा: खडू, वह्या, चष्मे, वीज, चहा. दुसऱ्या दिवशी तीच बेरीज वर्गात उदाहरण म्हणून घ्यायची. आपल्या पैशांचा हिशोब आपणच तपासणं हा गणिताचा सगळ्यात चांगला धडा आहे, आणि खजिनदारावर याहून चांगली देखरेख नाही. पावतीपुस्तकाला छापील क्रमांक, हातातली रोकड समितीनं ठरवलेल्या रकमेच्या आत, बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या.

देणग्या वाढल्या की नोंदणी करावी. सात सभासद, १८६० चा संस्था नोंदणी कायदा, १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. दरवर्षी लेखापरीक्षण. घोळ होतो तो पुढे. निवडणूक होते, नवे पदाधिकारी येतात, पण ते त्या कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज ९० दिवसांत जात नाही. काही वर्षांनी बँक शेड्यूल वनचा, म्हणजे त्या कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, उतारा मागते, त्यावर जुनीच नावं निघतात, त्यांतलं एखादं हयातही नसतं, आणि खातं अडकतं. निवडणुकीच्या इतिवृत्ताला जोडूनच बदल अर्जाचा कागद तयार करायचा, त्याच बैठकीत.

परदेशातून गावचा मुलगा पैसे पाठवतो म्हणाला तर आधी पासपोर्ट विचारावा. भारतीय नागरिकानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असूनही ती परकीय देणगी ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणी किंवा परवानगीशिवाय घेता येत नाही.

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेत पेपर सोडवणाऱ्या आज्या.)

केंद्र सरकारचा उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. वय १५ आणि त्यापुढे, शिकवणारे स्वयंसेवक विनामानधन. त्याची परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. नापास असा शेरा नसतो, सुधारणा आवश्यक असं लिहितात. महाराष्ट्रात ती २०२४ मध्ये १७ मार्चला आणि २०२५ मध्ये २३ मार्चला झाली. मार्चमध्ये बऱ्याच ऊसतोड टोळ्या अजून कारखान्यावरच असतात, म्हणून अशा गावांनी परीक्षेची तारीख कळताच परतीचा विचार टोळीच्या मुकादमाशी बोलून करावा.

(दृश्य: वाचनालयाचं कपाट. मोठ्या टाइपातली पुस्तकं.)

सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा गावंच्या गावं काही महिन्यांत साक्षर झाली. पुढे वाचायला काही राहिलं नाही तिथे शिकलेलं पुसलंही गेलं. त्यामुळे परीक्षेनंतरच्या वर्षाची पाळ्यांची यादी परीक्षेच्या आधीच लागली पाहिजे. आठवड्याला दोन दिवस वर्तमानपत्राचं वाचन, ठळक मथळ्यांपासून. गावच्या वाचनालयात मोठ्या टाइपाची पुस्तकं एका वेगळ्या कप्प्यात, हाताला येतील अशा उंचीवर. ज्यांना पुढे जायचं त्यांच्यासाठी राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा देता येते. फॉर्म भरायला स्वयंसेवकानं शेजारी बसावं, पण पेन शिकणाऱ्याच्याच हातात. आणि नव्या तुकडीच्या प्रत्येक गटावर जे दोघे असतात, त्यांतला दुसरा माणूस मागच्या वर्षीच्या तुकडीतून घ्यावा. घ आणि ध कुठे अडकवतात, हे त्याला अजून आठवत असतं.