उन्हाळा सोसलेली बासरी

श्रोतेहो, नमस्कार.

परीक्षा संपल्या की आपल्या जळगाव-धुळ्याकडे माळ्यावरचा कूलर खाली येतो आणि मुलांची नावं छंदवर्गांत घातली जातात. त्यात बासरीचा वर्ग असला की पालक विचारतातच, नवी घ्यावी की कुणाची वापरलेली? माझं उत्तर ठरलेलं आहे. चांगली वापरलेली मिळत असेल तर तीच घ्या, आणि ती खानदेशातच वाजलेली असेल तर सोडूच नका.

कारण आपली हवा. बांबू कापल्यावरही ओलावा घेतो आणि सोडतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की बासरीला बाहेरून कोरडी झळ लागते, आतून फुंकरीची वाफ. बाहेरचं अंग आकसतं, आतलं फुगतं, आणि बांबू उभा चिरतो. माझी पहिली चांगली बासरी अशीच गेली. मुंबईहून हिवाळ्यात आणली होती. एप्रिलात एका रात्री ती कूलरसमोर राहिली, दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि पत्र्याची खोली तापली. जेवत होतो. हरभऱ्याचा घाटा फुटावा तसा ‘टच्’ आवाज आला. उठून पाहिलं तर फुंकेच्या छिद्रातून केसाएवढी रेघ वर गेलेली. पुन्हा तिच्यातून सूर निघाला नाही, नुसती हवा.

म्हणून इथले दोन-तीन उन्हाळे काढून जी अखंड राहिली, तिच्यावर माझा भरवसा.

पण पारखून घ्या. बासरीला जागोजागी दोरा गुंडाळलेला असतो. तो आधारासाठी असतो, पण त्याखाली जुनी चीरही लपते. बासरी लहान असेल तर खालचं तोंड मांडीवर घट्ट दाबा, सहाही छिद्रं बोटांनी झाकून फुंकेच्या छिद्रातून हवा ओढा. जादा छिद्र असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. ओठ छिद्राला चिकटून राहिला तर बासरी हवाबंद आहे. सुस्कारा ऐकू आला तर कुठेतरी गळते. मग मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, वाजवा: सगळी छिद्रं झाकून हलकी फुंकर. गळक्या बासरीचा हाच सूर आधी फाटतो. दोऱ्याने बांधलेली अंगावरची बारीक चीर चालेल. फुंकेच्या छिद्रातली चीर मात्र फुकट दिली तरी घेऊ नका.

बासरी कागदावर हळूच आपटा. पिवळसर पीठ पडलं तर आत कीड आहे. छिद्रांच्या कडाही निरखा. कुणी सळईने छिद्र मोठं केलं असेल तर तो सूर चढलेला असतो, आणि मोठं झालेलं छिद्र सहजी लहान होत नाही.

वरची तीन छिद्रं झाकून जो सूर येतो तो सा, तीच बासरीची पट्टी. ती वर्गातल्या गुरुजींना विचारूनच घ्या. बासरीवादक पन्नालाल घोष यांनी लांब बासरी मैफलीत आणली, तिचा मोह मलाही आहे, पण दहा वर्षांच्या मुलाची बोटं तिथे पोहोचत नाहीत.

माझी सध्याची बासरी नंदुरबारजवळच्या एका गावात मिळाली. म्हाताऱ्या बाबांनी लुगड्याच्या जुन्या पट्टीतून ती काढली. मोहरीच्या तेलाचा वास आला. मी खिशात हात घातला तर म्हणाले, “आधी वाजाडीसन देख भाऊ, मंग पैसा दे.” ओट्यावर बसून मंद्र पंचम धरला, बाबांनी डोळे मिटले. त्यांनी स्वतः ती बावीस वर्षं वाजवली होती.

आज ती सोबत आणली आहे. तोच पंचम ऐकवतो.