शुक्रवारची वही

नमस्कार मंडळी. या कार्यक्रमाचा निरोप ग्रुपवर गेल्यापासून काहींचं मला खासगीत विचारून झालं, की शाळकरी पोरांच्या फुटबॉलवर तू बोलणार तरी काय? रास्त शंका आहे. आपल्यातल्या बहुतेकांचा शुक्रवारच्या सामन्याशी संबंध येतो तो मार्चिंग बँडमुळे. मुलगी क्लॅरिनेट वाजवते म्हणून आपण जातो, मध्यंतरात बँड बघतो, व्हिडिओ काढतो आणि ट्रॅफिक लागायच्या आत घरी. मैदानात कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी कळलं तर कळलं. मीही बरीच वर्षं तेच केलं.

मागच्या रांगेत भारतातून आलेले आई-बाबा बसलेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथला फुटबॉल म्हणजे डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि लंबगोल चेंडू काखेत दाबून पळायचं. मैदान शंभर यार्डांचं. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला. चार प्रयत्नांत निदान दहा वार पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. पळणाऱ्याला आडवा केला, की त्याचा गुडघा जिथे टेकला तिथपर्यंतचे वार त्याच्या नावावर जमा. मागे रेटला गेला तर वजा. एवढं कळलं तरी आज पुरेल.

आता १९५३ मध्ये या. आपण बसलोय ते टेक्ससमधलं, ह्यूस्टनजवळचं शुगर लँड तेव्हा जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं. नगर, सांगली, कोल्हापूरकडच्या लोकांना साखर कारखान्याचं गाव कसं असतं ते मी सांगायला नको: घर कारखान्याचं, दुकान कारखान्याचं, भोंगाही कारखान्याचा. फक्त इथे सभासद शेतकरी नव्हते. मालक एक, इंपीरियल शुगर कंपनी. या गावच्या हायस्कुलात केनेथ हॉल नावाचा मुलगा होता. सहा फुटांवर उंची, वजन दोनशे पौंडांच्या आसपास, आणि एवढा देह घेऊन तो धावपटूसारखा पळायचा. १९५० ते ५३ या चार हंगामांत तो ११,२३२ यार्ड धावला. किलोमीटरमध्ये सांगायचं तर दहाच्या वर, आणि दर पावलाला कुणीतरी कमरेला मिठी मारायला टपलेलं. शेवटच्या एका हंगामात ४,०४५ यार्ड. त्याआधी देशातल्या कुठल्याही शाळकरी मुलाने एका हंगामात चार हजारांचा टप्पा गाठलेला नव्हता. ह्यूस्टनच्या लूथरन शाळेविरुद्धच्या सामन्यात त्याच्या हाती चेंडू आला अकरा वेळा, आणि तो धावला ५२० यार्ड. भागाकार करून बघा. चेंडू मिळाला की गडी जवळजवळ अर्धं मैदान पार करूनच थांबायचा. 'शुगर लँड एक्स्प्रेस' हे नाव पडलं ते उगाच नाही.

चार हंगामांच्या एकूण यार्डांच्या त्याच्या राष्ट्रीय विक्रमाला ५९ वर्षं कुणी हात लावू शकलं नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडातल्या युली नावाच्या छोट्या गावातल्या डेरिक हेन्रीने तो मोडला आणि १२,१२४ वर नेऊन ठेवला. हेन्री पुढे काय झाला ते एनएफएल, म्हणजे इथला व्यावसायिक फुटबॉल, बघणाऱ्या पोरांना माहीत आहे.

हॉलचं पुढे काय झालं? टेक्सस ए अँड एममध्ये गेला. तिथे १९५४ साली बेअर ब्रायंट हे प्रशिक्षक आले होते. दोघांचं काही जुळलं नाही, आणि कॉलेजच्या फुटबॉलमध्ये हॉलचं नाव झालंच नाही. थोडा काळ व्यावसायिक खेळला. १९६० मध्ये ह्यूस्टन ऑइलर्स या संघाकडूनही उतरला. पण शाळेतला हॉल पुन्हा कुणाला दिसला नाही. आपल्याकडे अशा माणसाबद्दल लोक चुकचुकतात: 'काय होता हो, पण वाया गेला.' मला हे अजिबात पटत नाही. अठराव्या वर्षापर्यंत जे त्याने केलं ते पुरं होतं. मोठेपणी काही केलं तरच लहानपणीचं खरं, हा हिशोब कुणी ठरवला?

गंमत अशी की विक्रम उरला आणि शाळा गेली. १९५९ मध्ये शुगर लँड आणि मिझुरी सिटी या दोन्ही गावांचे शालेय जिल्हे, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, एकत्र होऊन फोर्ट बेंड आयएसडी हा एकच जिल्हा झाला, मुलं नव्या डलेस हायस्कुलात गेली. आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं तिथेच शिकली. साखर कारखान्याची शुद्धीकरणाची भट्टीही या शतकाच्या सुरुवातीला थंड झाली. गाव लाखाच्या वर गेलं, त्यात आपण आलो. शाळा नाही, कारखाना नाही, त्या वेळचे शेजारी नाहीत. तरीही मी तुम्हाला आकडा सांगू शकतो, अगदी शेवटच्या दोन यार्डांसकट. कशामुळे?

कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. आज मला बोलायचंय ते या लिहिणाऱ्याबद्दल.

पुढच्या वेळी सामन्याला जाल तेव्हा वरच्या प्रेस बॉक्सकडे बघा. तिथे दोघं शेजारी बसलेले असतात. एक दुर्बिणीतून बघत नुसतं बोलतो: 'बावीस नंबर, चौतीसवरून एक्केचाळीस, अडवला पंचावन्न नंबरने.' दुसरा मान वर न करता लिहितो. प्रत्येक खेळीची एक ओळ: कुणाचा हात, कुठून, कुठवर, अधिक की उणे. छोट्या गावात हे काम बहुधा गणिताच्या मास्तरांकडे, नाहीतर कुणाच्या तरी वडिलांकडे. पावसाळी रात्री कागद भिजतो म्हणून शिसपेन्सिल, शाई पसरते. मोबाइल येण्याआधीच्या काळात सामना संपला की अर्धं काम पुढेच असायचं. जवळच्या शहरातल्या वर्तमानपत्राला फोन लावून स्कोअर आणि मुख्य आकडे वाचून दाखवायचे, तेही पान छपाईला जायच्या आत. फोन केला नाही, तर शनिवारच्या अंकात तुमच्या गावची ओळच नाही. वर्षानुवर्षांच्या त्या वह्या, ती कात्रणं आणि शाळेची वार्षिकं, यांवर पुढचे सगळे विक्रम उभे असतात. धावणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. पेन्सिलवाल्याचं नाव कुणी विचारत नाही.

आता ज्यांच्यापर्यंत ही पेन्सिल पोचली नाही, त्यांच्याकडे येतो. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

केन हॉल धावत होता त्या शाळेत फक्त गोरी मुलं होती. कायदाच तसा होता. टेक्ससमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या, आणि त्यांच्या स्पर्धाही वेगळ्या. १९२० पासून त्यांची स्वतःची संघटना होती. प्रेअरी व्ह्यू कॉलेजच्या आधाराने चालायची म्हणून तिचं नाव प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग, लोकांच्या तोंडी पीव्हीआयएल. ते कॉलेज इथून गाडीने तासाभरावर आहे. स्टेडियम बहुतेक गावांत एकच, आणि शुक्रवारची रात्र गोऱ्या शाळेची. म्हणून यांचे सामने बुधवारी, गुरुवारी. आपण 'शुक्रवारची रात्र' म्हणून ज्याचे गोडवे गातो, ती टेक्ससमधल्या या मुलांच्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

खेळ कमी दर्जाचा होता म्हणाल, तर त्या लीगमधून आलेली नावं ऐका. टेंपलच्या डनबार शाळेतला जो ग्रीन. बोमाँटच्या चार्लटन-पोलार्डचा बबा स्मिथ, १९६७ मध्ये एनएफएलच्या निवडीत देशात पहिला. ऑस्टिनच्या अँडरसन शाळेतला डिक लेन, ज्याने १९५२ साली व्यावसायिक खेळातल्या आपल्या पहिल्याच हंगामात समोरच्यांचे १४ पास हवेतल्या हवेत पळवले. त्याचा तो विक्रम अजून उभा आहे. आणि प्रेक्षक? ह्यूस्टनच्या यीट्स आणि व्हीटली या दोन शाळांचा थँक्सगिव्हिंगचा सामना घ्या. आज ह्यूस्टन विद्यापीठाचं स्टेडियम आहे त्याच जागी जेपसन स्टेडियम होतं, तिथे शाळकरी पोरांना बघायला तीस हजारांवर माणूस लोटायचा. बायका नवीन कोट शिवून यायच्या.

पण गोऱ्यांच्या मालकीच्या वर्तमानपत्रांत याला जागा मिळायची ती चिमूटभर. 'ह्यूस्टन इन्फॉर्मर'सारखी कृष्णवर्णीयांची पत्रं होती, त्यांनी सांभाळलं तेवढं सांभाळलं. छोट्या गावांत तेही नाही. मग गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शाळांचं एकत्रीकरण आलं, १९७० पर्यंत पीव्हीआयएल संपली आणि त्या शाळांपैकी पुष्कळ शाळा बंद झाल्या. मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली, तिथल्या रंगांची जर्सी घातली. जुन्या शाळेतल्या ढाली, करंडक, फोटो यांचं काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. बऱ्याच ठिकाणी ते थेट कचऱ्यात गेले. अन्याय दूर करायला निघालेल्या निर्णयाने ही एक गोष्ट जाता जाता पुसून टाकली, आणि याबद्दल बोलताना इथली म्हातारी माणसं अजून जपून बोलतात. निर्णय हवाच होता. तरी ढाल गेली ती गेलीच.

फरक बघायचा असेल तर हुक्स गावाकडे बघा, टेक्ससच्या ईशान्य कोपऱ्यात, टेक्सरकानाजवळ. चिमुकलं गाव. बिली सिम्स तिथे १९७२ ते ७४ असा खेळला, ७,७३८ यार्ड धावला, आणि १९७८ मध्ये ओक्लाहोमाकडून खेळताना त्याला कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला. सिम्स कृष्णवर्णीय. पण तो खेळला तोवर शाळा एक झालेली होती, शुक्रवार त्याचाही झाला होता. त्याचा यार्डन्यार्ड मोजलेला आहे. दहा वर्षं आधी जन्माला आला असता तर हाच मुलगा गुरुवारी धावला असता, आणि मला आज आकडा सांगता आला नसता. म्हणून केन हॉलचा ५९ वर्षांचा विक्रम सांगताना मी मनातल्या मनात एक पुस्ती जोडतो: ज्यांचं मोजलं गेलं, त्यांच्यातला विक्रम. हॉलचं यात काहीच कमी होत नाही. तो धावलाच होता तितका.

याच गावात २०१८ मध्ये फोर्ट बेंड आयएसडीच्या नव्या इमारतीसाठी खोदताना ९५ जणांचे अवशेष सापडले. कैद्यांना भाड्याने उसाच्या मळ्यांत राबवण्याच्या काळातले, कृष्णवर्णीय. कुठे दफन केलं, कुणाला केलं, नोंद नाही. त्याच शालेय जिल्ह्याचं एक स्टेडियम केनेथ हॉलच्या नावाने आहे. मी दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो, कारण दोन्ही याच मातीतल्या आहेत. त्यावर भाष्य तुमचं तुम्ही करा.

आता तुमच्याकडे एक काम. पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरातले, इथेच वाढलेले कृष्णवर्णीय शेजारी, चर्चमध्ये किंवा दवाखान्यात भेटणारे गृहस्थ तुमच्या ओळखीचे असतील. पीव्हीआयएलच्या जुन्या प्रशिक्षकांची आणि खेळाडूंची एक संघटना आहे, ते आठवणी गोळा करतात, पण वयं झालीत. तुम्ही नुसतं विचारा, 'शाळेत खेळायचात का?' समोरचा हो म्हणाला तर फोनचं रेकॉर्डिंग चालू करायची परवानगी मागा. भावना वगैरे नंतर. आधी चार गोष्टी घ्या: शाळेचं नाव, साल, जर्सीचा नंबर आणि समोर कोण होतं. स्कोअर आठवला तर उत्तमच, आणि माझा अनुभव असा की स्कोअर यांना आठवतोच. बायकोचा वाढदिवस विसरतील.

बरं, आता प्रश्न. तिकडे काकांनी मगाचपासून हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरू करू.