तवंग किनाऱ्याला लागण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्रात सांडणाऱ्या तेलावर सोलापूर आकाशवाणीवरून बोलायचे ठरले, तेव्हा पहिला आक्षेप घरातूनच आला. ज्या गावाहून समुद्र गाठायला गाडीने सात-आठ तास लागतात, तिथल्या माणसांनी हे कशासाठी ऐकायचे? आक्षेप रास्त होता. पण पाकणीच्या डेपोतून जे डिझेल जिल्हाभर एसटीला, ट्रॅक्टरला आणि उसाच्या ट्रकला जाते, ते ज्या कच्च्या तेलापासून तयार होते, त्यातले बहुतेक तेल जहाजानेच देशात येते; आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल भारत बाहेरून आणतो. शिवाय भर समुद्रात तेल सांडले तर तवंग कोणीकडे वाहील, याचा अंदाज देणारी इन्कॉइस ही राष्ट्रीय संस्था हैदराबादला आहे, म्हणजे तीही आपल्यासारखीच समुद्रापासून लांब. मी सोलापुरात वाढलो आणि नोकरीची बरीच वर्षे जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे आज जे सांगणार आहे, त्यातले काही वाचलेले आहे आणि काही अंगावर उडालेले आहे.

अंगावर उडालेले आधी सांगतो. जहाजात इंधन भरण्याच्या कामाला आम्ही बंकरिंग म्हणतो. नळी जोडण्याआधी लाल बावटा चढवायचा, पावसाचे पाणी समुद्रात जाण्यासाठी डेकच्या कडेला जी भोके असतात, ज्यांना स्कपर म्हणतात, ती बुचे मारून बंद करायची, आणि भुसा, चिंध्या, फावडी, बादल्या, तेल शोषणाऱ्या गाद्या हे सगळे ठरलेल्या कपाटात आहे की नाही, ते उघडून पाहायचे, असा शिरस्ता आहे. ४०० ग्रॉस टनांच्या (हे जहाजाच्या आकाराचे माप) वरच्या प्रत्येक जहाजावर, आणि तेलवाहू असेल तर १५० टनांच्या वरच्याही, तेल सांडल्यास काय करायचे याची लिखित योजना ठेवावीच लागते. एके रात्री एका परदेशी बंदरात आमची टाकी भरत आली असताना शेजारच्या बार्जवरच्या, म्हणजे इंधन पुरवणाऱ्या सपाट नौकेवरच्या, माणसाने पंप मंदावायला दोन-तीन मिनिटे उशीर केला, आणि काळेभोर फर्नेस ऑइल हवेच्या नळीतून उसळून डेकवर पसरले. पहाटेपर्यंत आम्ही गुडघ्यांवर बसून भुसा टाकत होतो आणि भिजलेला भुसा पोत्यांत भरत होतो. त्या रात्री समुद्रात थेंबही गेला नाही, पण त्याचे श्रेय आमच्या धावपळीला नव्हते. दुपारी एका खलाशाने स्कपरचे बूच ठोकून त्यावर कोणी न सांगता सिमेंटचा लेप दिला होता, त्या लेपाला ते होते.

तेच तेल पाण्यात गेले असते तर काय झाले असते, हे समजायला रश्श्यावरची तर्री आठवावी. गरम रश्श्यावर ती क्षणात कडेपर्यंत पसरते आणि गार होताच गोठते. समुद्रावर तेल असेच पसरते, मात्र इतके पातळ, की डोळा हमखास फसतो. एक चौरस किलोमीटरभर चंदेरी तवंग दिसला, तर त्यात फार तर ३०० लिटर, म्हणजे दीड पिंप तेल असते. तेवढ्याच जागेत अस्सल काळा, जाड थर असेल, तर ते दोन लाख लिटरांच्या वर जाते. म्हणून विमानातून पाहणी करणाऱ्या माणसाला रंग वाचता यावा लागतो. इंद्रधनुषी झळाळी छायाचित्रात फार देखणी दिसते, पण बोटी धाडायच्या त्या काळ्या डागाकडे.

वेळ किती थोडा मिळतो, हे तेलाच्या जातीवर ठरते. पेट्रोलसारखे हलके तेल काही तासांत बरेचसे उडून जाते आणि त्याचा मुख्य धोका आगीचा असतो. जहाजांचे जड इंधन मात्र उडत नाही. लाटांनी घुसळून त्यात पाणी मिसळते, आकारमान चौपटीपर्यंत वाढते, आणि तपकिरी लगदा तयार होतो, जो कोणत्याही साध्या पंपाने ओढला जात नाही. प्रवाह तेलाला जसाच्या तसा ओढून नेतो, आणि वाऱ्याच्या वेगाचा साधारण तीन टक्के वेग त्यात मिळतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर तवंग केवळ वाऱ्यामुळे तासाला सव्वा किलोमीटरच्या आसपास सरकतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे किनाऱ्याकडे लोटणारा, त्यामुळे ऑगस्टमधला अपघात मार्चमधल्या अपघाताहून वेगळ्या हिशेबाने पाहावा लागतो.

तसा अपघात मुंबईसमोर ७ ऑगस्ट २०१० रोजी झाला. एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजे एकमेकांवर आदळली, चित्रा कलंडले, त्यावरचे कंटेनर पाण्यात पडले, सुमारे ८०० टन तेल सांडले आणि तरंगत्या कंटेनरांमुळे बंदराची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. नारळी पौर्णिमा तोंडावर आली असताना कोळ्यांच्या होड्या अडकून पडल्या. खरे नुकसान मात्र रायगड आणि नवी मुंबईच्या बाजूच्या खारफुटीत झाले. खारफुटीची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. त्यांच्यावर जड तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते. तिथे यंत्र नेता येत नाही आणि माणसे उतरवली, तर त्यांच्या पायांनी तेल चिखलात आणखी खोल रुततं, नव्हे, कायमचे जाऊन बसते.

म्हणूनच या कामात तयारी म्हणजे नुसती यंत्रे विकत घेणे नव्हे. काय वाचवायचे आणि काय जाऊ द्यायचे, हे आधी ठरवून नकाशावर लिहून ठेवणे, हा तयारीचा सर्वांत अवघड भाग आहे. खाडीचे तोंड, खारफुटी, कासवांची अंडी घालण्याची जागा, मिठागर यांना प्रथम संरक्षण द्यायचे, आणि गरज पडल्यास मोकळ्या वाळूच्या एखाद्या पट्ट्यावर तेल मुद्दाम येऊ द्यायचे, कारण वाळू खरवडून काढता येते. हा निर्णय तवंग दिसल्यावर घ्यायला बसले, तर प्रत्येक गाव आपला किनारा पुढे करते आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

तेल अडवण्यासाठी बूम, म्हणजे तरंगता बांध, वापरतात. वरचा फुगीर भाग पाण्यावर राहतो आणि खाली पडद्यासारखी झालर लोंबते. पण प्रवाह त्यावर समोरून सेकंदाला एक-सव्वा फुटापेक्षा जोरात आला, की तेल झालरीखालून निसटते. आपला शेतकरी ओढ्याचे पाणी सरळ छातीवर घेत नाही, तिरकी ताल, म्हणजे मातीचा बांध, घालून वळवतो. बूमसुद्धा तसाच तिरका लावतात आणि तेल शांत पाण्याच्या कोपऱ्यात नेतात. तिथे स्किमर नावाचे यंत्र साय काढावी तसे ते उचलते. समुद्र खवळलेला असेल तर ही दोन्ही साधने जवळपास निकामी ठरतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

रसायन फवारून तेल विरघळवणे हा उपाय लोकांना फार आवडतो, कारण काळे दिसेनासे होते. तेल मात्र नाहीसे होत नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात उतरते. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलसमोर टॉरी कॅनियन हे जहाज खडकावर चढले, तेव्हा सुमारे दहा हजार टन डिटर्जंट वापरले गेले आणि किनाऱ्यावरचे जीव तेलापेक्षा त्या डिटर्जंटनेच जास्त मेले. आजची रसायने त्या मानाने सौम्य आहेत, तरी उथळ पाण्यात आणि खारफुटीजवळ ती वापरू नयेत, असाच दंडक आहे. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटल्यावर किनारे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले गेले. दगड चकचकीत झाले आणि त्यांच्यावर जगणारे शिंपले, शेवाळ शिजून गेले. त्याच अपघातात तेल अडवण्याचे सामान वाहून नेणारा बार्ज दुरुस्तीसाठी रिकामा करून ठेवलेला होता. योजनेचा कागद मात्र शाबूत होता.

आपल्याकडे ही जबाबदारी १९८६ पासून तटरक्षक दलाकडे आहे, आणि १९९६ मध्ये राष्ट्रीय योजना लागू झाली. ७०० टनांपर्यंतचे तेल बंदराने आणि तेल हाताळणाऱ्यांनी स्वतःच्या साधनांनी आवरायचे, त्यापुढे तटरक्षक दलाने यायचे, आणि १० हजार टनांच्या पुढे बाहेरच्या देशांची मदत घ्यायची, अशा त्या योजनेच्या पायऱ्या आहेत. ७०० टन म्हणजे रस्त्यावरचे वीस हजार लिटरचे पस्तीस-चाळीस टँकर. दलाकडे समुद्र प्रहरीसारखी प्रदूषण-नियंत्रणाची खास जहाजे आहेत, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात गुजरातच्या वाडीनारसमोर राष्ट्रीय सराव झाला. सराव पाहायला पाहुणे आले की सगळे वेळेवर होते. मला विचाराल, तर पहाटे तीन वाजता न सांगता घेतलेला सराव खरा.

आता आपल्या ओळखीच्या दोन वस्तूंविषयी. २०२० मध्ये मॉरिशसला वाकाशियो जहाजातून सुमारे हजार टन तेल सांडले, तेव्हा तिथल्या लोकांनी कापडाच्या लांब पिशव्यांत उसाचे पाचट भरून, शिवून, हजारो लोकांच्या हातांनी बूम तयार केले. जे पाचट आपण फडात पेटवून देतो, ते तिथे लगून, म्हणजे किनाऱ्यालगतचे उथळ, शांत पाणी, वाचवायला कामी आले. दुसरी वस्तू कापूस. ताटात पाणी घेऊन त्यात इंजिनचे थोडे जुने तेल टाका. औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस त्यावर ठेवला, तर तो पाणी पिऊन जड होतो. सरकी काढलेला, न धुतलेला कच्चा कापूस ठेवला, तर तो तरंगत राहून तेल ओढतो, कारण त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा थर असतो. गिरणीत विरंजन, म्हणजे ब्लीचिंग, झाले की तो थर जातो. ज्या शहराची कितीतरी घरे मागावर उभी राहिली, त्याला हे वेगळे सांगायला नको.

मात्र उत्साहालाही शिस्त लागते. २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाल्यावर माणसे बादल्यांनी तेल उपसताना देशाने पाहिली. ताज्या तेलाची वाफ डोके धरते, ते कातडीला बाधते, म्हणून हातमोजे, बूट आणि मुखपट्टी यांशिवाय कोणी उतरू नये. गोळा केलेले तेल, वाळू, पाचट ठेवायचे कुठे, हेही आधी ठरलेले असावे, कारण सांडलेल्या तेलाच्या कितीतरी पट कचरा तयार होतो, आणि खड्डा करून त्यात तो पुरला, तर विहिरींना लागतो.

आपल्याकडे पुणे महामार्गावर टँकर उलटला की डबे घेऊन धावणारी माणसे मी पाहिली आहेत. तिथेही वाफ आणि ठिणगी यांची गाठ पडायला क्षण पुरतो. आणि ते डिझेल नाल्यातून उजनीकडे निघाले असेल, तर वाटेत मातीचा बांध घालणारा एक जेसीबी पुढच्या सगळ्या यंत्रांना भारी ठरतो.

मे महिन्यात आपल्यापैकी अनेक जण कोकणात, गोव्यात जातात. वाळूत चालताना तळपायाला काळे, चिकट डांबरासारखे गोळे लागतात, ते समुद्रावर फिरून वाळलेले तेलच असते. ते काढायला रॉकेल घासू नये. करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल चोळावे, मग साबणाने धुवावे. आणि गोळ्यांऐवजी ओला, काळा पट्टा किनाऱ्याला लागताना दिसला, तर त्यात न उतरता जागा आणि वेळ नीट लक्षात घेऊन तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर लगेच कळवावे. नमस्कार.